बाकावरच्या पोरांचे मोजे

मी मूळचा कोल्हापूरचा. आता कोल्हापूर म्हटलं की तुम्ही म्हणणार कुस्ती, तांबडा रस्सा, चपला, ते सगळं खरं हाय, पण आमच्या पेठेत ताई, पोरगं चालाय लागलं की पहिला त्याच्या पायात बॉल येतो, बाकीचं मग. फुटबॉल म्हणजे आमच्यात नाद हाय नाद. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा संघ, आणि मॅच असली की दुकानं निम्मी बंद. माझा बा सुतार, आई घरात, मी धाकटा, मारुती नाव, आणि सतराव्या वर्षी मला तालमीच्या संघात घेतलं, राइट बॅक, म्हणजे मागची उजवी बाजू राखणारा. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी मी घरी चालत गेलोच न्हाई, पळत गेलो. पण राइट बॅक म्हणजे दुसरा राइट बॅक, राखीव, पहिला पडला तर मी. आणि पहिला पडलाच न्हाई की ओ! सहा वर्षं पडला न्हाई, असला धडधाकट गडी, त्याला सर्दी पण व्हायची न्हाई.

सहा वर्षं मी काय केलं, तर बॉल आणून दिले. रोज सरावाला हजर, पाऊस असू दे, ताप असू दे, मी हजर, आणि पहिले अकरा खेळणार, आम्ही राखीव लोकं गोलच्या मागं उभं राहून बाहेर आलेला बॉल परत आत टाकणार. आमचे मास्तर लई शिव्या द्यायचे, पण त्या पण पहिल्या अकरांनाच, आम्हाला सहा वर्षांत कुणी एक शिवीसुद्धा दिली न्हाई. घरी आलो की आई धुवायला जर्सी घ्यायची, वर धरायची आणि म्हणायची, आज पण कोरीच का रे मारत्या? तिला फुटबॉलातलं काय कळत न्हवतं, पण जर्सी बघून तिला सगळं कळायचं. मला असला राग यायचा त्या जर्सीचा.

आणि सातव्या वर्षी पडला की तो! ऐन मोठ्या मॅचला पाय मुरगळला, मास्तर मागं वळले, म्हणाले, जा. मी गेलो. बॉल आला, माझ्या पायाखालनं निसटला. आता बघा, असं कुणाचं पण होतं, पण निसटल्यावर पुढं काय करायचं असतं ते मला ठाऊकच न्हवतं, कारण चूक करायला पण माणूस आधी मैदानात पाहिजे न्हवं? मी तिथंच खांबासारखा उभा. त्यांचा गडी माझ्या शेजारनं गेला आणि गोल. महिनाभर पेठेत कुणी माझ्याशी धड बोललं न्हाई, आणि मी पण परत मैदानात पाय ठेवला न्हाई. रंगकाम केलं, लग्न केलं, दोन पोरी झाल्या, आणि एका ओळखीच्या माणसानं व्हिसा काढून हिकडं कुवेतला आणलं.

पहिली चार वर्षं हितल्या जहरा गावाला साफसफाईच्या कामावर होतो. मग कंपनीनं एका कॉलेजच्या मैदानावर पाठवलं, आणि तिथल्या सामानवाल्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपून तो गावी गेला, तवा मुदीर, म्हणजे मॅनेजर, म्हणाला, तूच बघ आता. बॉलमध्ये हवा भरायची, पाण्याच्या बाटल्या, बर्फ, जर्सी धुवायची, मोजे धुवायचे. म्हणजे बघा, मैदान सोडून पळालेला माणूस फिरून मैदानातच आला. आता राहतो फिंतासला, खोलीत आम्ही चौघं.

तर ते मोजे. हितं मैदानात माती न्हाई, प्लास्टिकचं गवत, आणि गवताच्या बुडात रबराचे काळे दाणे टाकलेले असतात, मोहरीएवढे. पोरगं पळालं, घसरलं, पडलं की ते दाणे बुटात जातात, मोज्यात जातात. मोजे धुवायच्या आधी उलटे करून झाडावे लागतात, न्हाईतर मशीन बंद पडतं. रोज झाडतो मी. आणि झाडता झाडता एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की हमदच्या, म्हणजे पहिल्या राइट बॅकच्या मोज्यातनं मूठभर दाणे पडतात, आणि निहारच्या मोज्यातनं चिमूटभर. मला एकदम आईच आठवली, आज पण कोरीच का रे.

निहार म्हणजे आपलाच, मराठी पोरगा, आई सालमियाला दवाखान्यात नर्स. दुसरा राइट बॅक! जागा पण माझीच. मी मराठीत बोललो की तो इंग्लिशमध्ये उत्तर देणार, पण काका म्हणायचा मला. आणि सरावाची रीत अशी, की पहिल्या अकरांना लाल बनियन, राखीव पोरांना पिवळं, आणि पुढची मॅच ज्या कॉलेजशी असेल त्या कॉलेजसारखं पिवळ्यांनी खेळायचं, म्हणजे लाल्यांना सवय. आज ह्यांची नक्कल, पुढच्या आठवड्यात त्यांची. स्वतःचा खेळ पोरांनी कधी खेळायचा? लाल्यांचं चुकलं की कॅप्टन, म्हणजे आमचे कोच, मिसरी, इजिप्तचा माणूस हाय, हितं कोचला कॅप्टन म्हणतात, ते शिट्टी मारून खेळ थांबवणार, समजावणार, परत करून घेणार. पिवळ्यांचं चुकलं तर कोण बघतोय!

एका गुरुवारी निहार आपली मॅचची जर्सी घरनं धुऊन, घडी घालून घेऊन आला. म्हणाला, काका, आय ॲम डन. म्हटलं, मराठीत सांग. तर म्हणाला, नको आता, आई पण म्हणते अभ्यास कर, मी हितं काय करतो, बॉल तर आणून देतो. ताई, मी जर्सी घेतलीच न्हाई त्याच्याकडनं. म्हटलं, मंगळवारपर्यंत थांब, तुला माझी शपथ. आता माझी शपथ त्याला काय कळणार, पण थांबला.

आणि मग मी काय केलं, तर चहाचे दोन कागदी कप घेतले. शनिवार, रविवार, सोमवार, तीन दिवस हमदचे दाणे एका कपात, निहारचे दुसऱ्यात. मंगळवारी सरावाच्या आधी गेलो कॅप्टनकडं आणि दोन्ही कप ठेवले टेबलावर. कॅप्टन म्हणाले, एह दा, म्हणजे हे काय? मी थोडं हिंदी, थोडं मोडकं अरबी, थोडे हातवारे करून सांगितलं. हमदचा कप काठोकाठ, निहारच्या कपाचं बूड पण झाकलं न्हवतं. कॅप्टन तापले की! म्हणाले, तू मोजे धुवायला आहेस का मला शिकवायला? आणि त्यांचं पण खोटं न्हवतं, म्हणाले, सराव दीड तासाचा, राखीव पोरांना दिला तर पहिल्यांचा कमी होणार, मॅच हरलो की मान माझी जाणार. मी घाबरलो होतो, खरं सांगतो, एक शब्द वर गेला तर माझी रवानगी परत झाडूवर. पण तोंडातनं निघून गेलं. म्हटलं, कॅप्टन, एक दिवस हमद पडणार, आणि निहार उभा राहणार, असा, आणि उभा राहून दाखवलं, खांबासारखा. आणि माझी सगळी गोष्ट सांगितली, कोल्हापूरची, आईची, त्या गोलची. ही गोष्ट मी बायकोला पण धड सांगितली न्हवती.

कॅप्टननी कप उचलून बघितला, हलवला, खाली ठेवला, आणि शिट्टी घेऊन बाहेर गेले. मला वाटलं, खलास. तर मैदानात जाऊन म्हणाले, आज शेवटचा अर्धा तास नक्कल बंद, पिवळे स्वतःचा खेळ खेळणार लालसमोर. आणि पोरं मोजली, तर पिवळे दहाच भरले. वाहिद नाकिस, एक कमी. कॅप्टननी सगळीकडं बघितलं आणि बोट माझ्याकडं केलं! म्हणाले, लई बोलतोस ना, यल्ला, चल, लेफ्ट बॅक.

अहो, मी बावन्न वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, स्टोअरमधले कुणाचे तरी जुने बूट घातले, पिवळं बनियन पोटावर अडकलं, पोरं ही हसालेली. पण बॉल सुरू झाला ना ताई, काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडातनं कोल्हापुरीच बाहेर पडाय लागली, दे की रे खुळ्या, माघारी पळ, मर्दा त्याला सोडू नको! कुवेती पोरं, लेबनीज पोरं, कुणाला एक शब्द कळत न्हवता आणि सगळी पळत होती. आणि निहारनं बॉल घालवला. घालवला आणि उभा राहिला, खांब! आणि शिट्टी वाजली. कॅप्टन तरातरा आत आले, निहारचं नाव घेऊन असं झापलं, असं झापलं, खांद्याला धरून वळवून दाखवलं, बॉल गेला की हिकडं पळायचं, गडी अंगावर घ्यायचा न्हाई, बाहेरच्या बाजूला न्यायचा, परत कर. परत केलं. चुकलं, परत झापलं. आणि पोराचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही, शिव्या खातोय आणि हसतोय. मी तिकडं लेफ्ट बॅकला उभा राहून डोळं पुसत होतो, म्हटलं, घाम हाय.

तवापासनं दर मंगळवारी अर्धा तास पिवळ्यांचा. कॅप्टन गमतीनं म्हणतात, मारुतीचा अर्धा तास. आणि गेल्या महिन्यात हमद पडला की हो! भर मॅचमध्ये, मांडी धरून. निहार आत गेला. माझ्या हातात बर्फाची पिशवी, पाणी गळतंय माझ्या बुटावर, मला पत्ता न्हाई. तिसऱ्याच मिनिटाला त्याच्या पायाखालनं बॉल गेला. अगदी माझ्यागत. आणि पोरगं वळलं, पळालं, गड्याला ढकलत ढकलत नेलं बाहेरच्या रेषेकडं आणि बॉल काढून घेतला. बास. कुणी टाळी वाजवली न्हाई, एवढं साधं काम, मॅच पण बरोबरीतच सुटली. मी एकटाच नाचालो होतो, आणि पंच म्हणाला, पाणीवाले, रेषेच्या मागं.

आता चाललंय बरं. निहार अजून दुसराच राइट बॅक हाय, हमद बरा होऊन आला, पण जर्सी परत करायचं नाव काढत न्हाई, आणि माझ्याशी मराठीत चार शब्द बोलतो, त्यात दोन शिव्या, माझ्याकडनंच शिकलाय. असल्या शिव्या शिकवल्या म्हणून त्याची आई फोनवर मला रागावली. देव त्या माउलीला आणि पोराला सुखी ठेवो.

आणि एक सांगायचं राहिलंच. त्या पहिल्या मंगळवारी सगळी पोरं गेली, मी मोजे झाडाय बसलो, एकेक करून सगळे झाडले आणि शेवटी एक जोड राहिली. बघतो तर माझीच. उलटी केली, तर काळे दाणे, सतरंजीवर पसरले, एवढे! मी तसाच व्हिडिओ कॉल लावला कोल्हापूरला, बायकोला म्हटलं, आईला बोलव. आई आता नव्वदीला आली, कमी दिसतं तिला. मी मोजा फोनपुढं धरून झाडला, म्हटलं, आई बघ. तिनं फोन अगदी डोळ्याला लावला आणि म्हणाली, मळवून आलास व्हय रे मारत्या, टाक इकडं, धुते.