विषाणूसाठी खोली

विषय: माझी पुतणी मेधा हिने प्रयोगशाळेसाठी पोलादपुरातली एक बंद सरकारी खोली मिळावी म्हणून केलेला अर्ज.

चहा घ्या, सांगतो. मेधाने अर्धं आयुष्य विषाणूंमुळे कॅन्सर कसा होतो हे शोधण्यात घालवलं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमागे बहुधा एक विषाणू असतो. तो वेळेत सापडला तर बाई वाचते. वाडीवरच्या बायका तिला म्हणाल्या, "मुंबयला जायला आमाला येळ नाय गो बाय. तू हितंच तपास." म्हणून ही खोली.

अर्ज ज्या सरकारी कार्यालयात द्यायचा, त्याच कार्यालयातून मी निवृत्त झालेला, म्हणून वजन पडेल या समजुतीने सोबत गेलो. माझ्या जुन्या खुर्चीवरच्या सावंतांनी अर्ज वाचला.

"मॅडम, खोलीत विषाणू ठेवणार. ते सजीव की निर्जीव?"

मेधाला खरं बोलायची सवय. "पेशीबाहेर निर्जीवासारखे पडून असतात. आत शिरले की कामाला लागतात."

"आमच्या कार्यालयात उलट असतं," मी म्हणालो. सावंत हसले नाहीत.

"सजीव असतील तर फाइल पशुसंवर्धनाकडे जाते, निर्जीव असतील तर भांडाराकडे. एक काय ते लिहून द्या."

"साहेब, त्यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही."

"मग आम्हालाच कसली घाई? त्यांचं ठरलं की या."

वाडीवरच्या एकाही बाईची तपासणी अजून झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.