नुसतं बसायचं केंद्र

(आजी-आजोबांच्या केंद्रातली खोली. वर्ग नुकताच सुटलाय.)

नणंद : साहेब, आधी पाणी घ्या. चेहरा केवढा उतरलाय!

पाहणीवाला : पाणी राहू द्या, ताई. तोल सांभाळायचा व्यायाम फक्त तुमच्या केंद्रात ठेवला होता ना? आणि शेजारच्या वस्तीतल्या केंद्रात नुसतं बसायचं, गप्पा मारायच्या?

नणंद : हो तर! तुलनेसाठी.

पाहणीवाला : तुमच्याकडे माणसं पडायचं प्रमाण निम्म्यावर आलं.

नणंद : अगं बाई, खरंच?

पाहणीवाला : त्यांच्याकडेही निम्म्यावर आलं! मग अहवालात काय लिहू? व्यायामाचा उपयोग शून्य, वर्ग बंद करा?

नणंद : बंद? अहो, माझी माणसं आता कठडा न धरता जिना चढतात!

पाहणीवाला : त्यांचीही चढतात, बसल्या बसल्या! आज न सांगता गेलो, तर सगळे भिंतीला बोट टेकून एका पायावर! मला बघितलं नि धपाधप खुर्च्यांत. एक आजोबा वर म्हणतात, "आम्ही काही करत नाही हं!"

नणंद : वहिनी! दाराआडून हसू नका, पुढे या!

भावजय : आले बाई, आले.

पाहणीवाला : तुम्ही? ते केंद्र तुम्हीच चालवता ना? इथे कशा?

भावजय : या माझ्या नणंदबाई. आम्ही एकाच घरात राहतो.

पाहणीवाला : कपाळ माझं!

भावजय : वन्सं रोज जेवताना सांगायच्या, आज हे शिकवलं, आज ते. भांडी घासता घासता करूनही दाखवायच्या.

नणंद : दाखवलं, पण तुम्ही तिकडे करा असं कुठे म्हटलं?

भावजय : वा गं वा! माझ्या केंद्रात बसतं कोण? तुमचीच आई! तुम्ही परक्यांना चालतं करणार, नि मी सासूबाईंना खुर्चीत बसवून ठेवू?

पाहणीवाला : अहो पण... थांबा, थांबा! तुलनेला नदीपलीकडचं तिसरं केंद्रही आहे! तिथे तुमचं कुणी नाही ना?

भावजय : काकू नाही, मामी नाही. शपथ!

पाहणीवाला : तिथे कुणी काही केलं नाही, आणि तिथली माणसं अजून तशीच पडतायत! ताई, तुमचा व्यायाम कामाचा आहे! वहिनींची चोरी आहे तशी लिहितो, वर्ग वाचला!

नणंद : वहिनी, वाचलो हो! या, फुगडी घालू!

भावजय : साहेब, तुम्हीही या!

पाहणीवाला : अहो, हात सोडा, आपटेन मी!

नणंद : आई गं, दम लागला. मग नदीपलीकडच्यांना वर्ग कधी?

पाहणीवाला : पाहणी संपली की. अजून वर्षभर त्यांनी नुसतं बसायचं.

भावजय : बिचारे! कोण कोण येतं तिथे?

पाहणीवाला : बरेच जण. माझे वडील येतात.

नणंद : तुमचे? आणि घरी तुम्ही त्यांना...

पाहणीवाला : एक अक्षर सांगितलेलं नाही. नियम म्हणजे नियम. परवा न्हाणीघरात पडले. फार लागलं नाही, पण आता एकटे आत जायला घाबरतात.

भावजय : अगं बाई.

पाहणीवाला : वहिनी, आधी कुठला पाय उचलायचा?