खोट्या बोटीची रांग

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. सुख जर दोन मिनिटांचं असेल, तर त्याच्यासाठी माणसानं किती वेळ उभं राहावं?

हसू नका! हा प्रश्न मला तुमच्याच गावातल्या एका तरुणानं विचारला, दुपारी, पंगतीत. म्हणाला, बुवा, मुलांना घेऊन त्या हायवेवरच्या मोठ्या पार्कात गेलो होतो. उन्हात निम्मा दिवस रांगेत गेला. शेवटी पाळण्यात बसलो, ओरडलो, उतरलो. संपलं! परवडतं का हो हे? मी म्हटलं, बाबा रे, आधी माझ्या भातावर वरण पडू दे. उत्तर संध्याकाळी देतो.

आता तुम्हाला वाटत असेल, बुवा काय सांगणार ते ठाऊक आहे. सुख क्षणभंगुर, रांग सोडा, नाम घ्या! हे आमचे मृदंगवाले पांडोबा तर थाप मारायला सरसावलेसुद्धा. थांबा, पांडोबा. उत्तर इतकं सोपं असतं, तर मी पंगतीतच दिलं असतं. आज पोथीतलं आख्यान नाही. एका घरातलं आहे. त्या घरच्या सुनेनं मला सांगितलेलं. ऐका.

दापोलीकडे समुद्रकाठी एक गाव आहे. तिथला नंदेश भाटकर. बोटीवर नोकरीला. बोट म्हणजे होडी नव्हे बरं का — तेल वाहून नेणारं प्रचंड जहाज. आज अरबस्तानात, तर महिन्याभरानं कुठल्या तरी थंड मुलखात. एकदा माणूस चढला, की वर्ष सरत आल्याशिवाय घर नाही. घरी बायको समीक्षा, आणि मुलगी ओवी. काय नाव ठेवलंय! आम्हा कीर्तनकारांच्या तोंडातलंच उचललं की!

ओवी सहा वर्षांची. तिला बाबा ठाऊक होता, पण फोनमधला. म्हणजे कसा? मध्येच गोठणारा. तोंड उघडलेलं आणि आवाज नाही. मग एकदम तुटणारा. आणि एक दिवस हा खराखुरा बाबा दारात उभा राहिला, मोठा, दाढीवाला, हातात बाहुली घेऊन. पोरगी आईच्या मागे लपली. आणि आईच्या कानात म्हणाली, फोनमधल्या बाबांचा आवाज असा नाहीये.

त्या बापाला काय वाटलं असेल? तुमच्यापैकी ज्यांची माणसं दूरदेशी आहेत, त्यांना विचारू नये. त्यांना माहीत आहे.

सुट्टी सरत चालली. नंदेशनं सगळे उपाय केले. चॉकलेटं झाली, सायकल झाली, खांद्यावर बसवून किनारा झाला. पोरगी ‘नको’ म्हणत नव्हती. पाहुण्याला कोणी ‘नको’ म्हणतं का? ती त्याच्याशी पाहुण्याशी वागतात तशी शहाण्यासारखी वागत होती. मंडळी, मूल हट्ट करतं ना, तो त्याचा मान असतो आपल्याला. ओवी बापाकडे हट्टच करत नव्हती.

निघायचा आदला दिवस उजाडला. विमान मुंबईहून, म्हणून तिघं समीक्षाच्या बहिणीकडे येऊन राहिलेली. नंदेश म्हणाला, आज हिला पार्कात नेऊ. सगळं दाखवू, सगळ्यात बसवू. मनात हिशोब एकच — एका दिवसात वर्षभराचे लाड करून टाकू.

आत शिरल्या शिरल्या ओवीनं बोट दाखवलं. लोखंडी खांबांच्या मधोमध टांगलेलं एक भलंमोठं गलबत. माणसं भरायची, आणि या टोकाकडून त्या टोकाकडे, आभाळापर्यंत झुलवायचं. बघा गंमत! जो माणूस बोटीला कंटाळून घरी आलाय, त्याच्या लेकीला हवी बोटच! आणि रांग? शेपटाचा पत्ता नाही. पत्र्याच्या शेडमधून वेटोळी घेत पार बाहेर आलेली.

नंदेशनं विचार केला तो तुमच्या-माझ्यासारखाच. एवढ्या वेळात हिला बाकीचं सगळं दाखवून होईल. म्हणून तो तिला घेऊन गेला. छोट्या आगगाडीत बसवलं, घोड्यावर बसवलं, कपबशीत फिरवलं. ती बसली. पण आगगाडी वळली की हिची मान बोटीकडे. घोडा फिरला की मान बोटीकडे. शेवटी तिला कडेवर घेऊन त्यानं विचारलं, काय आहे गं त्या बोटीत?

ती म्हणाली, “तू तिथे राहतोस ना. मला बघायचंय कसं वाटतं ते.”

(इथे थोडं थांबतो, मंडळी. मला हे सांगताना दर वेळी थांबावं लागतं.)

नंदेश तसाच मागे वळला. तिला घेऊन गेला आणि रांगेच्या अगदी शेवटी उभा राहिला. आता रांग आणखी वाढलेली. समीक्षा म्हणाली, अहो, दिवस यातच जाईल. तो म्हणाला, जाऊ दे.

आणि त्या रांगेत पोरगी बोलायला लागली. बोट रात्री पण हलते का? हलते. मग तू झोपेत पडत नाहीस? तेव्हा त्यानं सांगितलं, समुद्र खवळला की आम्ही गादीच्या बाहेरच्या कडेखाली जाड जॅकेट सारतो. गादी भिंतीकडे कलते, आणि माणूस भिंत आणि गादीच्या खोबणीत पडून राहतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, मला वाटायचं, तू पडत असशील. आईनं पुढचं सांगितलं. जोराचा वारा सुटला की ही अंथरुणात उठून बसायची आणि विचारायची, बाबा पडला असेल का?

तिनं विचारलं, खिडकीतून मासे दिसतात का? तो म्हणाला, मी इंजिनात असतो. तिथे खिडकीच नाही. समुद्र मलासुद्धा कधीतरीच दिसतो. यावर तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग न सांगता तिनं त्याचं बोट धरलं. स्वतःहून, पहिल्यांदा. ऊन चढत होतं, माणसं वैतागत होती, मागचा कोणीतरी बडबडत होता, आणि या माणसाला वाटत होतं, रांग पुढे सरकू नये.

पण रांगच ती. सरकली. फाटक आलं.

फाटकाशी एक लाकडी पट्टी उभी केलेली, त्यावर लाल रेघ. तिथल्या मुलीनं ओवीला पट्टीला टेकवलं. डोकं रेघेच्या खाली. किती? दोन बोटं! त्या मुलीनं हात आडवा केला. म्हणाली, हिला नाही सोडता येणार, दादा. जोरात झुलते, लहान मूल सीटमधून निसटतं.

नंदेशनं विनवण्या करून बघितल्या, मग चिडला. मी हिला धरून बसतो, मी जहाजावरचा माणूस आहे, उद्या जातोय. ती मुलगी हळू आवाजात एवढंच म्हणाली, मलाही वाईट वाटतंय, पण नाही. तिची काय चूक? नियम पोरीच्या जिवासाठीच होता. मागून लोक ओरडायला लागले. समीक्षानं नवऱ्याचा दंड धरला. चला म्हणाली.

ओवीनं वर बघून विचारलं, “मी कधी होणार तेवढी?”

तो म्हणाला, “पावसाळा संपला की.”

बोलून गेला. आणि मग त्याच्या लक्षात आलं. पावसाळा संपेल, तेव्हा आपण कुठे असू? ही दोन बोटं वाढेल, ती आपल्याला दिसणार नाहीत. मूल कोणासाठी थांबतं का, मंडळी? आपण रांगेत थांबतो. मूल नाही थांबत.

ओवीनं त्याचं बोट सोडलं आणि म्हणाली, “तू जा. मी इथून बघते.”

तो नको म्हणाला. तिनं हट्ट धरला. आयुष्यातला पहिला हट्ट, बापाकडे! मग तो गेला. सगळ्यांमध्ये एकटा बसला. बोट झुलायला लागली. लोक हात वर करून किंचाळत होते. हा खाली बघत होता. कठड्याशी लाल फ्रॉक. बोट खाली आली की पोरीचं तोंड दिसायचं, वर गेली की पोरगी ठिपका व्हायची. जवळ यायची, लांब जायची. आणि प्रत्येक वेळी ती दोन्ही हात हलवत होती.

उतरून तो आला, तर ती म्हणाली, तू हललास, पण पडला नाहीस. आणि हसली.

दुसऱ्या दिवशी तो गेला.

पावसाळा संपला. दिवाळीनंतर ओवीच्या शाळेची सहल निघाली, आणि तीही त्याच पार्कात. पोरगी पट्टीला टेकून उभी राहिली, डोकं लाल रेघेच्या वर. बाई तिला घेऊन बोटीत बसल्या. घरी आल्यावर बाईंनी समीक्षाला सांगितलं — तुमची ओवी मुळीच रडली नाही हो. पण सगळी मुलं आभाळाकडे बघून ओरडत होती, आणि ही सारखी खाली कठड्याकडे बघत होती. बोट थांबली, तरी उठेना. मी विचारलं, काय बघतेस? तर म्हणाली, कोणी नाही.

समीक्षानं हे नंदेशला फोनवर सांगितलं. पलीकडून आवाज आला नाही. तिला वाटलं, लाइन गेली. हॅलो, हॅलो केलं. लाइन गेली नव्हती.

ऐकलंत? आता त्या पंगतीतल्या तरुणाला विचारतो. आहेस का रे मागे? तू म्हणालास, परवडतं का. तू तासांचा हिशोब केलास. पण मला सांग, त्या रांगेत तुझी मुलं तुला काय म्हणाली? आठवत नाही ना? मोबाइल होता हातात. मीही त्यातलाच आहे, तुला एकट्याला बोलत नाही.

आणि मायबाप, तुम्हीही ऐका. आपण सगळे त्या बोटीतच बसलोय. वर गेलो की ओरडतो, खाली आलो की ओरडतो. पद मिळालं, ओरडलो. आजार आला, ओरडलो. आणि खाली कोणीतरी मघापासून आपल्याकडे बघत उभं आहे. कोणाचा म्हातारा बाप असेल, कोणाची लेक असेल. आणि ज्याला कोणीच नाही, त्याचा तो सावळा तर आहेच. त्याला ना पाय दुखतात, ना ऊन लागतं असं समजू नका. तोही वाट बघतो.

एकदा खाली बघा. हात हलवा. ते उभे आहेत तोवर.

वाजवा, पांडोबा.