चुका सांगायची सभा

मोरोक्कोतल्या सफी शहराच्या बसथांब्यावर माझ्यापुढे सार्डिन मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात डबे तपासणारी रकिया आणि तिची शेजारीण तोरिया उभ्या होत्या.

"लल्ला रकिया," तोरियाने तिला मानाने हाक मारली, "भर सभेत म्हणालीस, खराब डबे माझ्याच हातून सुटले?"

"म्हणाले. हाताची सावली डब्यावर पडते, खराब डबा दिसणार कसा?"

"मग घरी बसवलं असेल!"

"छे गं! साहेब स्वतः तासभर माझ्या जागी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सगळे दिवे हलवले. आता नव्या मुलींना मीच शिकवते. मी, जिला सही येत नाही!"

"ऐट बघा बाईंची!"

"पुढचं ऐक. आज सभेत साहेबच उठले. म्हणाले, 'मासळीची गाडी उशिरा बोलावली, चूक माझी.'"

"मग?"

"मीच म्हटलं, 'घाबरू नका साहेब. आता काय बदलायचं, तेवढं बोला.'"