कापडी पिशवीतले नमुने

(खनिज खात्याच्या कचेरीतली आकडेवारीची खोली. राज्याचा वार्षिक तक्ता भाची तयार करते. मामा तीस वर्षं मँगनीजच्या खाणीवर नमुने काढतात.)

भाची : नाही मामा, चहा नंतर. आधी सांगा, भर पावसाळ्यात तुमच्या खाणीतला दगड उन्हाळ्यापेक्षा कोरडा कसा?

मामा : यंदा पाऊस कमी झाला.

भाची : कमी? रस्ता दोनदा वाहून गेला. मामी आठ दिवस आमच्याकडे अडकल्या होत्या.

मामा : मग प्रयोगशाळेला विचार. मी नमुना काढतो, पोचवतो. वाळवून ओलावा ते मोजतात.

भाची : विचारलं. ते म्हणाले, चार महिने नमुने कापडी पिशवीतून आले.

मामा : डब्यांची झाकणं गंजली होती. नवे डबे मागवले, कुणी पाठवले नाहीत. म्हटलं, दगड काय दूध आहे सांडायला? घातला पिशवीत.

भाची : आणि ठेवल्या पिशव्या जीपच्या टपावर! सहा तासांच्या वाटेत पावसात वर ताडपत्री होती, पण उघडीप मिळाली की दगड वाऱ्यानंच वाळला. दर पावसाळ्यात अकरा टक्के ओलावा असतो, यंदा लागला चार. वजनातून तेवढंच वजा केलं, उरलेलं सात टक्के पाणी आपण मँगनीज म्हणून मोजलं.

मामा : किती टन?

भाची : साडेदहा हजार.

मामा : अगं, राज्याच्या बारा लाखांत ते कुठल्या कोपऱ्यात बसतं!

भाची : शेजारच्या राज्यापेक्षा आपण आठ हजारांनी पुढे आहोत. दुरुस्ती केली की अडीच हजारांनी मागे. उद्या पाच राज्यांची बैठक आहे. ज्याचं उत्पादन जास्त, मँगनीज वितळवायच्या भट्टीचा नवा कारखाना त्याला.

मामा : मग नको करूस दुरुस्ती.

भाची : मामा!

मामा : मामा काय मामा! अख्खा प्रदेश आपल्या दगडावर चालतो आणि आपली पोरं परक्या भट्ट्यांवर घाम गाळतात. माझा पोरगा, तुझा दादा, सहा वर्षं तिकडे आहे. नातवानं मला फोनवरच पाहिलंय. कारखाना आला तर तो घरी येणार, तसं कबूल केलंय त्यानं.

भाची : मला काय दादा नकोय इथे? चिडायचं तर माझ्यावर चिडा. पण हा माल ज्यांनी घेतला त्यांनीही ओलावा मोजलाय. त्यांचे कागद आलेत : अकरा टक्के. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही.

मामा : कोण बघतंय ते कागद?

भाची : मी बघितले ना? उद्या शेजारचे बघतील. मग आपल्या सगळ्याच आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. आपला दगड त्यांच्यापेक्षा सरस आहे, त्यात सिलिकेचा कचरा निम्मा. भट्टीला कोळसा कमी लागेल. ते मी साहेबांकडून बैठकीत मांडून घेणार. पण उत्पादनात खोटं बोलून दर्जाबद्दल खरं बोलले, तर ऐकणार कोण?

मामा : आणि नाही ऐकलं तर?

भाची : तर कारखाना जाईल. पुढच्या वेळी पुन्हा भांडेन. मी गप्प बसणाऱ्यातली नाही, तुम्हाला माहितीये.

मामा : तुझी आईही अशीच. एकदा म्हणाली की म्हणाली.

भाची : दुरुस्तीच्या कागदावर सही हवीय तुमची. कारणाच्या रकान्यात ‘वाहतुकीतील त्रुटी’ लिहिते. तुमची निवृत्ती महिन्यावर आलीय, उगाच डाग नको.

मामा : वाहतुकीची काय चूक? जीपवाला बिचारा वेळेवर पोचत होता. लिही, नमुने काढणाऱ्यानं डबे नसताना कापडी पिशव्या वापरल्या.

भाची : मामा, असं लिहिलं तर चौकशी लागेल.

मामा : लागू दे. डब्यांसाठी मी एकदाच पत्र दिलं, मग कंटाळा केला. तेही लिही. लिहिलंस?

भाची : लिहिलं.

मामा : आण इकडे. ...घे. आता तुझ्या त्या सिलिकेचं नीट लिही. अक्षर बघ कसं, कोंबडीचे पाय!

भाची : दादाला मी सांगू का?

मामा : नको. फोन मीच करतो. सूनबाईनं सामान बांधायला घेतलंय म्हणत होता.