अंगणातला उघडा नळ

कोकण किनाऱ्यानं सायकलवर जायचं म्हणून ग्रुपमध्ये नाव दिलं, तेव्हा बायकोला माझ्या गुडघ्यांची काळजी होती. गुडघे टिकले, इज्जत गेली ती नळापायी.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बारा जण एका काकूंच्या घरी उतरलो. लाईट गेलेली, म्हणून मोटर बंद अन् अंगणातला नळ कोरडा. मी सवयीनं नळ उघडा टाकला, खाली बादली लावली अन् ओसरीवर मेल्यासारखा झोपलो.

जाग आली ती काकूंच्या ओरडण्यानं. लाईट आली होती, मोटर चालू होती अन् बारा जणांचे बूट अंगणात तरंगत होते.

"अहो, नळ उघडा टाकून झोपतं का कुणी?"

"काकू, संभाजीनगरला आमचं अख्खं पुंडलिकनगर झोपतं. शहर लई वाढलं, त्यात दुष्काळ. नळ आठ दिवसांनी येतो, तोही कधी येईल नेम नाय. बादलीत धार पडली की आवाजानं उठायचं."

काकूंचा राग कुठल्या कुठं गेला. हातातला खराटा तसाच धरून त्या पायरीवर बसल्या.

"आणि पाणी आलंच नाही तर?"

"तर काय काकू, त्या दिवशी झोप पुरी होते."