मुक्ताबाईच्या नंबरावर

—न्हाय हो साहेब, दुखत न्हाय. आजिबात न्हाय. आता हे माज्या गुडग्यात बगा, ह्या अंगाला तीन, त्या अंगाला तीन, खाली नळीपाशी येक — सात सुया हायत, आन् मी तुमच्याशी निवांत बोलतोय का न्हाय? केसावानी बारीक असती सुई. डॉक्टरीनबाई वरनं नुसती टिचकी मारत्यात, तुमी 'हं' म्हनंस्तवर आत गेलेली असती. डास चावला तर मानूस निदान हात तरी मारतो — हितं तेवढं बी न्हाय. तुमी आदी ती कॉटची कड सोडा, बोटं पांढरी पडली तुमची. पयलीच येळ ना? मंग टेका असं मागं. मला ईस मिन्टं असंच पडून ऱ्हायाचं हाय ह्या तांबड्या दिव्याखाली, तवर बाई येतील तुमच्याकडं. घाबरायचं काय त्यात — असं कोन म्हनतोय, तर मी म्हनतोय. मी. हेच येवढं साधं वाक्य मी माज्या घरी जाऊन बोललो असतो ना साहेब, तर आज ह्या कॉटवर मी नसतो, आमची मंडळी असती.

मगाशी भाईर ती नंबर पुकारनारी मैनाबाई हाक मारत व्हती, "मुक्ताबाई, चला मुक्ताबाई" — आन् ह्यो मिशीवाला उठला, तवा तुमी हसला. हसला, मी बगितलं. हसा की, समदीच हसत्यात. मुक्ताबाई म्हंजी माजी बायकू. मी सर्जेराव, मांजरी गावचा. नंबर तिचा हाय. आमची लेक शकू, हडपसरला दिलीय, तिनं आईच्या गुडग्यांसाठी धा बैठका फोनवर धरल्या — ॲक्युपंक्चर का काय म्हनत्यात ते, मंडईच्या मागं येक बाई करत्यात म्हनली. मुक्ताचे गुडगे म्हंजी कसे सांगू — तीस वर्सं उसात, डोईवर मोळ्या, बांदावरनं चढ-उतार, ते काय गुडगे ऱ्हात्यात व्हय. मंग जमीन गेली, तिथं बारा-बारा मजल्याच्या इमारती झाल्या, आन् आमी बी बंगला बांदला, तीन मजली. खालचे दोन मजले भाड्यानं, आमी वर. वर वारा चांगला लागतो म्हनून. कुनाला लागतो? मलाच. लिफ्टची जागा सोडलीय बरं का, नकाशात लिफ्ट हाय. त्या खड्ड्यात मी ठिबकच्या जुन्या नळ्या ठिवल्यात — शेत न्हाय, पर नळ्या टाकवत न्हाईत. मुक्ता जिना बसून उतरती. बसून, येकेक पायरी, ल्हान पोर उतरतं तसं. चंपासष्टीपास्नं तर तेवढं बी न्हाय. मुंढव्याला भावाच्या नातवाचं बारसं झालं, गेली न्हाय. इचारलं तर म्हनती, मला वरच बरं वाटतं.

तर पयल्या बैठकीच्या दिशी ती म्हनली, मला सुयांचं भ्या वाटतं, तुमचा बी येक गुडगा कुरकुरतोय, तर आदी तुमी जाऊन बगा आन् मला येऊन सांगा कसं असतं ते. येवढंच काम व्हतं माजं — बगायचं आन् सांगायचं. आलो. टोचून घेतलं. झोप लागली मला हितं, घोरत व्हतो म्हनं. माघारी जाताना गाडी देवळापाशी आली, तर पारावर गेनबा, भैरू, समदी बसलेली. गेनबा म्हनला, काय सर्जेराव, कुनीकडनं? आता त्याला काय सांगायचं — पुन्याला जाऊन झोप काडून आलो? अहो, ऊस व्हता तवा माजं येकरी टनेज इचारायला लोक वाट वाकडी करून यायची. जमीन गेल्यापास्नं मला कोन काय इचारतंय? लई दिसांनी कुनी इचारलं, आन् माजं तोंड सुटलं. म्हनलं, दाभनायेवढ्या सुया असत्यात, इतभर आत घालत्यात, हाडाला लागली की आवाज येतो. शेजारच्या कॉटवर येक पैलवान गडी, आई-आई करत व्हता. आन् आपुन? हूं न्हाय का चूं न्हाय. भैरूनं उठून माज्यासाठी च्या सांगितला. भैरूनं — जो सवताच्या भावाला पानी इचारत न्हाय.

मी घरला पोचायच्या आदी बातमी वर पोचली व्हती. सोजरबाई, गेनबाची मालकीन, तिनं फोन करून सांगितलं. आत गेलो तर मुक्ता पांढरीफटक. "लई दुखलं का वो?" म्हनली. तवा सांगता आलं असतं, साहेब. तोंड उघडलं बी व्हतं. पर तिनं ज्या नजरेनं बगितलं — लगीन झाल्यापास्नं मला कुनी तसं बगितलं नव्हतं. म्हनलं, दुखायचंच. आन् लंगडलो. दोनच पावलं, पर लंगडलो. मंग तिनं लसूण घालून तिळाचं तेल गरम केलं, आन् माज्या पायाशी खाली बसली चोळायला.

खाली बसली. ज्या बाईला पाटावर बसून जेवता येत न्हाय, ती. कॉटचा पाय धरून बसती, आन् उठताना तिचे गुडगे वाजत्यात, वाळकं काटूक मोडावं तसे. मी डोळे मिटून पडतो. येक दिस न्हाय, प्रत्येक बैठकीच्या सांजंला. नगं म्हनायला गेलो तर म्हनती, येवढं सोसताय तुमी, मला काय तेल लावाय होत न्हाय? लाज वाटती हो मला. त्या सांजंला जेवन जात न्हाय, तर ती म्हनती, कळ मारत आसंल, आन् आनिक येकदा चोळती.

माजा गुडगा? माजा तर तिसऱ्या बैठकीलाच बरा झाला. मंग येतो कशाला — आता लंगडा मानूस येकदम सरळ चालाय लागला तर लोक काय म्हनतील? म्हनून येतो. शकूनं आईला लई समजावलं. आई म्हनती, तुजे बाबा गडीमानूस, त्यांचं असं झालं, तर माजं काय व्हईल. हितल्या बाईंनी दोनदा इचारलं, पेशंटला कवा आनताय. म्हनलं, आनतो. आज धावी बैठक, शेवटची. आता मैनाबाई सुया काडाय आली की इचारनार, फुडं काय. काय सांगू तिला?

काय म्हनता? फोन? आत्ता, हितनं? हात मोकळा हाय म्हना… तुमी बरं सांगता हो, तुमाला काय जातंय. बरं. लावतो. तुमच्या म्होरंच लावतो, म्हंजी माघार न्हाय.

हॅलो — मुक्ता? मीच. न्हाय, बरा हाय, ऐक. सुई दुखत न्हाय. अगं सुई, सुई — कवाच दुखली न्हाय, पयल्या दिशी बी न्हाय. मी पारावर बोललो ते… बोललो आपलं. हितं झोप लागती मानसाला. तू ये. — ते तेल व्हय. ते तू गरम करून आनलंस, मंग मी… — न्हाय. न्हाय, दुखत नव्हतं. — अगं खरंच सांगतोय, हितं शेजारी साहेब हायत, त्यास्नी इचार — बरं, ऱ्हायलं. — कुठं? — पारावर? अगं, पारावर कशाला… मुक्ता, ऐक की — हॅलो.

ठिवला तिनं.

काय म्हनली? म्हनली, दुखत नव्हतं तर मंग तेल कशाला लावून घेत व्हता. येवढंच इचारलं, आवाज बी चढवला न्हाय. चढवला असता तर बरं झालं असतं. आन् म्हनली, पारावर तुमी येक सांगता, फोनवर दुसरं सांगता, मी कंचं खरं धरू? जिथं चार मान्सांत बोलला, तिथंच चार मान्सांत सांगा — सुई दुखत न्हाय, मी खोटं बोललो. सोजरबाईच्या तोंडनं माज्या कानावर आलं, की मी येते. जिना बसून उतरीन, म्हनली, पर येते.

रास्त हाय. तिचं बोलनं रास्त हाय. हितं तुमाला सांगितलं ते सोपं — तुमी कोन माजे, उद्या तुमी तुमच्या पेठंत आन् मी माज्या मांजरीत. पर गेनबा, भैरू — ती मान्सं येकदा हसली की मरस्तवर हसत्यात. फुडं कवा बी सर्जेराव दिसला की सुई आन् पैलवान, सुई आन् पैलवान. — पर ती वर बसलीय हो. तिसऱ्या मजल्यावर बसलीय, आन् माज्याबिगर दुसरं कुनी सांगनारं न्हाय. सांगनार मी. आज जाताना गाडी पारापाशी थांबवतो, आन्… आज नसतील समदी. उद्या भैरूकडं पावनं हायत…

या मैनाबाई, काडा. न्हाय, काय दुखत न्हाय. — फुडची तारीख? हां, घाला की. मुक्ताबाईच्याच नावावर, आता ती सवता येनार हाय. मंगळवार मोकळा हाय? बरं, मंगळवार लिवा. — थांबा मैनाबाई. ह्यो मंगळवार नगं. त्याच्या फुडचा लिवा.

तुमी काय बगताय माज्याकडं? तोंड करा तिकडं. बाई आल्या तुमच्या.